पहिली ओटी मोठ्या जावेची

पापलेट ताजं आहे का, असं हेमांगीला विचारणाऱ्या माणसाने घरी सांगून निघावं. अंधेरीच्या मासळी बाजारात ती अगदी तोंडाशीच बसते. प्रश्न आला की ती माशाचा कल्ला उचलत नाही, विचारणाऱ्याचा चेहरा नीट निरखते आणि म्हणते, "तुमच्यापेक्षा ताजं हाय, दादा." गिऱ्हाईक ओशाळून हसतं आणि पापलेट घेऊन जातं. शिवाय दुसऱ्या दिवशी पुन्हा येतं. अपमानाची सवय अशीच लागते.

अशा या बाईला बोलण्यात कोणी हरवलेलं बाजाराला ठाऊक नाही. वेसाव्याच्या कोळीवाड्यात मात्र एक व्यक्ती आहे. ती म्हणजे सासू, अंजनाबाई.

हेमांगीला लग्नानंतर फार वर्षांनी दिवस राहिले, तेही दोनदा. दोन्ही वेळा तिसरा महिना पार पडला नाही. पहिल्या वेळी अंजनाबाईंनी नशिबाला बोल लावला. दुसऱ्या वेळी त्यांनी स्वतःचं संशोधन जाहीर केलं.

"पोटुशी असताना गाभोळीचे मासे कापलेस. त्या माशांची अंडी तुझ्या विळीवर गेली. दुसरं काय होनार?"

"आई, मग बाजारातली एकही बाई बाळंत झाली नसती," हेमांगी म्हणाली. "आनी तुम्ही पाच पोरं काढलीत, ती काय कोबी कापून?"

बिनतोड उत्तर. पण सासूच्या सिद्धांताला उत्तराची गरज नसते. तो शेजारणीपाजारणींनी पसरवला आणि आठवड्याभरात कोळीवाड्यात मान्य झाला. हेमांगीचा नवरा हरेश्वर बोटीवर असला की त्याचा आवाज खाडीपलीकडे जातो. आईसमोर तो चहाच्या कपाशीसुद्धा कुजबुजत बोलतो. त्याच्याकडून कुमक येणार नव्हती.

मग दुसऱ्या वेळच्या गर्भाची तपासणी झाली होती, तिचा निकाल इस्पितळातून आला. तो समजावून सांगायला माधुरी नावाची समुपदेशक होती, विक्रोळीहून येणारी, शांत आवाजाची. गर्भात सोळाव्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती होत्या, म्हणून तो टिकला नाही, असं तिने सांगितलं.

"तिसरी कुठून आली? मी तर नाय मागवली."

माधुरीला हसू आलं. तिने कागदावर शेजारी शेजारी दोन काठ्या काढल्या. "एक गुणसूत्र तुमच्या आईकडून आलेलं, एक वडिलांकडून. स्त्रीबीज तयार होताना ही जोडी जवळ येते. प्रोटीनांची एक चेन दोघांना लांबीभर जोडते, पँटच्या चेनसारखी. तेव्हा ती आपसात तुकड्यांची देवघेव करतात. मग चेन उघडते, तरी जोडी सुटत नाही. कारण या कड्या." तिने काठ्यांभोवती गोल काढले. "याही प्रोटीनच्याच. वेळ आली की त्या कापल्या जातात आणि वाटणी होते."

"कड्या बसवतात कधी?"

"तुम्ही आईच्या पोटात होतात तेव्हा."

"मना दात नव्हते, आनी माझ्या बीजांना कड्या?"

"हो. काम तिथेच थांबतं. वयात आल्यावर एकेका बीजाचं पुढे चालू होतं. तोवर भिस्त त्याच जुन्या कड्यांवर. नव्या जवळजवळ बसतच नाहीत, असं उंदरांवरच्या अभ्यासात दिसलंय. वय वाढतं तशा त्या ढिल्या पडतात आणि वाटणीत चूक होते. बीजात एकाऐवजी दोन प्रती जातात, नवऱ्याकडची एक मिळून तीन."

हेमांगीने कागदावरच्या एका गोलावर बोट ठेवलं. "जाळ्याच्या गाठी कुजल्या तर आम्ही नव्या मारतो. इथे सुई घेऊन कोन बसत नाय?"

"कोणी नाही. राखण करणारं एक प्रोटीन असतं, कड्या अवेळी कापल्या जाऊ नयेत म्हणून. त्याला जपानी नाव आहे, अर्थ रक्षक देवता. पण तेही वयाबरोबर कमी होतं."

"म्हणजे वॉचमन. आमच्याकडच्या टॉवरचा पन म्हातारा झालाय. खुर्चीतच झोपतो."

"तसंच समजा."

"मग यात माझं काय चुकलं?"

"काहीच नाही."

हेमांगीने मान खाली घातली. बाजाराने हे दृश्य कधी पाहिलेलं नाही. माधुरीने हळूच कागदी रुमालांचा डबा पुढे सरकवला.

"रडत नाय गो," हेमांगी म्हणाली. "घरी भांडायचंय, त्याची जुळवाजुळव करतेय."

भांडणाला निमित्त तयारच होतं. धाकटी जाऊ कल्पिता हिला सातवा लागला होता, ओटी भरायची होती. त्यांच्या घरची रीत अशी की सासूनंतर पहिली ओटी मोठ्या जावेची. मोठी जाऊ हेमांगी. अंजनाबाईंनी मात्र तिला सांगितलं, "तू त्या दिवशी आत कालवनाचं बघ."

हेमांगीने कड्यांपासून वॉचमनपर्यंत सगळं ऐकवलं. अंजनाबाईंनी ते लक्ष देऊन ऐकलं आणि त्यातलं नेमकं हवं तेवढं उचललं.

"म्हंजे तुझ्या आयशीच्या पोटातच बिघडलं! दोष तुझ्या आयशीचा!"

"माझ्या आयशीच्या पोटातल्या कड्या एकोणचाळीस वर्सं टिकल्या," हेमांगी कडाडली. "तुमच्या खानदानातलं एक तरी जाळं टिकलंय एवढं?"

हरेश्वर कप घेऊन बाहेर गेला.

ओटीच्या दिवशी हेमांगी आत होती खरी, पण ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून आणि अबोलीचा गजरा माळून. चुलीपाशी चुलत सासू सुलक्षणाकाकी होती. काकीला मूलबाळ झालं नाही. कोळीवाड्यातल्या प्रत्येक समारंभाला कालवण तिच्या हातचं लागतं. ओटी भरायला मात्र तो हात चालत नाही. हे तिला कोणी सांगावंही लागत नाही, इतकी वर्षं झाली.

बाहेर अंजनाबाईंनी ओटी भरली आणि शेजारणीला हाक मारली, "श्वेता, ये गो. तुला तीन पोरं हायत."

हेमांगी बाहेर आली. "श्वेता, बस खाली. मोठी जाऊ मी हाय."

बायकांच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या. अंजनाबाई दात आवळून म्हणाल्या, "चांगल्या दिवशी तमाशा नको."

"तमाशा नाय, आई. ओटी."

पाटावर बसलेल्या कल्पिताचा हात पोटावर गेला. हेमांगीने तो पाहिला. ती खाली बसली. आवाज एकदम उतरला.

"कल्पे, माझ्या कड्या माझ्यापाशी. त्या नारळातून उड्या मारून तुझ्याकडे येत नाहीत. तरी भ्याव वाटत असेल तर तू सांग, मी उठते. पन तू सांगायचं. बाकी कोनाचं आज मी ऐकनार नाय."

कल्पिताने सासूकडे पाहिलं. सासूने मान हलवली, ती होकाराची नव्हती. तरी कल्पिताने पदर पसरला.

"भर ना ताई लवकर. मांडीला मुंग्या आल्या माझ्या."

हेमांगीने हळदकुंकू लावलं, खण ठेवला, तांदूळ घातले, नारळ ठेवला. अंजनाबाई फक्त एवढंच म्हणाल्या, "तांदूळ सांडतायत."

"सांडू दे," म्हणून हेमांगीने आत हाक मारली. "काकी, या बाहेर."

आत पळी खाली पडली. "मी कशाला गो?" सुलक्षणाकाकीचा आवाज आला. "माझे हात मसाल्याचे हायत."

"मग धुवा," हेमांगी म्हणाली, आणि काकी येईपर्यंत कल्पिताचा पदर तिने दोन्ही हातांनी उघडा धरून ठेवला.