गिऱ्हाइकांची यादी

आई म्हणायची, ही पोरगी देवळातला प्रसादसुद्धा वास घेऊन खाते. खोटं नाही ते. कुणी माझ्याशी फार गोड बोलायला लागलं की माझे कान आधी टवकारतात, हसू नंतर येतं. नवऱ्याला याचा वैताग यायचा. पण त्या वर्षी वैतागायला तो इथे नव्हताच.

सासूबाईंच्या ऑपरेशनसाठी म्हणून तीन आठवड्यांकरता तो पुण्याला गेला, आणि मागे करोनामुळे ऑस्ट्रेलियाने सीमा बंद केल्या. आमचा व्हिसा तात्पुरता, म्हणजे परत येऊ शकणाऱ्यांच्या यादीत त्याचं नावच नव्हतं. दुसरं वर्ष लागलं तरी तो तिकडे आणि मी मुलीला घेऊन मेलबर्नमध्ये. व्हिसा माझ्या नोकरीवर उभा होता. नोकरी डँडेनॉन्गच्या एका खाद्यपदार्थांच्या फॅक्टरीत, लॅबमध्ये नमुने तपासायची; लॉकडाउनमध्येही परमिट दाखवून जायचं. घरी बसून करण्यासारखं काम नव्हतं ते. मुलीची शाळा साडेतीनला सुटायची आणि मी पाचला. मधला वेळ ती शाळेतल्याच आफ्टर केअरमध्ये बसायची, चित्रं रंगवत, टोस्ट खात. ते आफ्टर केअर गेलं असतं तर नोकरी गेली असती, नोकरी गेली असती तर व्हिसा, आणि मग सात वर्षांच्या पोरीला घेऊन बॅगा भरायच्या, त्याही विमानं धड उडत नसताना. एवढंच होतं माझं सगळं गणित.

आणि जानेवारीत कुणकुण लागली की आफ्टर केअर बंद होणार. निम्मे पालक घरून काम करत होते, त्यांची मुलं कशाला तिथे बसतील? मुलं कमी झाली म्हणून ते चालवणारी कंपनी कुरकुर करत होती. शेवटचा निर्णय स्कूल काउन्सिलचा, म्हणजे शाळेचा कारभार बघणाऱ्या समितीचा, आणि काउन्सिलवर पालकांमधली एक जागा रिकामी झाली होती. निवडणूक मार्चमध्ये. माझी पाच वर्षं या देशात झाली होती, पण शाळेच्या निवडणुकीकडे मी पहिल्यांदाच डोळ्यांत तेल घालून बघत होते.

तेवढ्यात हळदीकुंकवाचं बोलावणं आलं. शाळेजवळच्या गल्लीत ठाण्याचं एक कुटुंब राहायचं, मुलगा माझ्या मुलीच्याच शाळेत. गेटवर हाय-हॅलोपुरती ओळख. आजवर कधी चहाला बोलावलं नव्हतं, आणि आता एकदम मेसेज: "अगं नक्की ये, तुझा स्लॉट चार ते सव्वाचार." घरात माणसं जमवायला भीती, म्हणून हळदीकुंकू गॅरेजमध्ये, शटर वर करून. दोघी-दोघींनी यायचं, ड्राइव्हवेवर खडूने काढलेल्या गोलात उभं राहायचं. कुंकू लावायला प्रत्येकीला वेगळा कापसाचा इअरबड, जिचं तिने लावून घ्यायचं. वाण म्हणून खणाच्या कापडाचे दोन मास्क, सुंदर शिवलेले. मला ते आवडले, आणि आवडले म्हणून जास्तच शंका आली. एवढी मेहनत उगाच कोण घेतं?

मास्क पर्समध्ये टाकता टाकता मी गॅरेजभर नजर फिरवली. नवीन रंग. जमिनीवर फोमच्या रंगीत चटया. कोपऱ्यात एकावर एक रचलेल्या सहा छोट्या खुर्च्या, एक बुटकं टेबल, भिंतीला लहान मुलांच्या उंचीवर खुंट्या. त्यांना मूल एक आणि खुर्च्या सहा!

"छान केलंयस गॅरेज," मी म्हटलं.

"हो, जरा काहीतरी डोक्यात आहे," ती म्हणाली आणि तिळगुळाची पुडी पुढे केली. "आणि अगं, हे काउन्सिलला उभे राहतायत. लक्ष असू दे हं."

झालं! पाणी कुठे मुरतंय ते मला लख्ख दिसलं. बायको घरात डे केअर काढणार, नवरा काउन्सिलवर जाऊन शाळेतलं आफ्टर केअर बंद करणार, की मुलं आपोआप त्यांच्या गॅरेजमध्ये. आणि त्यासाठी आम्हा मराठी आयांना खणाचे मास्क. घरी येईपर्यंत माझं डोकं तापलं होतं. नवऱ्याला व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर तो म्हणाला, "अगं बाई, हळदीकुंकू आहे ते, कट नाही." त्याला काय जातंय म्हणायला.

उमेदवारांची सभा शाळेच्या बास्केटबॉल कोर्टवर झाली. हॉलमध्ये बसायची परवानगी नव्हती. उन्हात दोन-दोन मीटरवर खुर्च्या, सगळ्यांचे मास्क, फक्त बोलणाऱ्याने काढायचा. उमेदवार दोन. पहिली एक घरं विकणारी बाई. तिचा हसरा फोटो आमच्या भागातल्या निम्म्या पाट्यांवर असायचा. ती अशी काही बोलली, की ऐकत राहावं. मुलांचं मन, एकटे पालक, लॉकडाउनने थकलेली घरं. आणि शेवटी, आफ्टर केअर बंद होणार नाही, मी असेपर्यंत तर नाहीच! मी हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारी वसईची एक नर्स बसली होती, माझी इथली सगळ्यात जवळची मैत्रीण. तिचा नवरा ट्रक चालवतो, तिच्या मुलाचाही सगळा आधार आफ्टर केअरच. तिचे डोळे भरून आले होते.

मग आमचा ठाणेकर उठला. आयटीतला माणूस, हातात कागद, आवाज सपाट. म्हणाला, मी वचन देऊ शकत नाही. कंपनी फक्त बुकिंग बघते आणि सध्याची बुकिंग बघितली तर ती निघून जाईल. पण ऑफिसं उघडली की किती मुलं परत येतील हे कुणी विचारलेलंच नाही. मी एक फॉर्म केलाय. ज्यांना आफ्टर केअर लागतं किंवा पुढे लागेल त्यांनी भरा, मी निवडून आलो किंवा नाही आलो तरी तो कागद काउन्सिलसमोर ठेवेन. एवढं बोलून खाली बसला. दोन-तीन जणांनी टाळ्या वाजवल्या, त्याही तोंडदेखल्या.

फॉर्मची लिंक तिथेच फोनवर आली. मी उघडला. पालकाचं नाव, मुलाचं नाव, वय, कुठले दिवस, किती वाजेपर्यंत, फोन नंबर. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हा फॉर्म? ही तर गिऱ्हाइकांची यादी! आफ्टर केअर बुडालं की दुसऱ्या दिवशी बायकोने फोन फिरवायला घ्यायचे. काय डोकं आहे बघा!

प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा मी उभी राहिले. इंग्लिशमध्ये, सगळ्यांसमोर विचारलं, "तुमची पत्नी घरी डे केअर सुरू करणार आहे का?"

त्याने हातातला कागद खाली ठेवला. मग म्हणाला, "हो. लायसन्ससाठी अर्ज केला आहे." पुढे त्याला काहीतरी बोलायचं होतं, पण मागे कुजबुज सुरू झाली, कुणीतरी हसलं, आणि सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी घाईघाईने पुढचा प्रश्न घेतला. मी खाली बसले तेव्हा मला, खरं सांगते, फार बरं वाटलं. चोर पकडल्यासारखं.

बाहेर पडताना नर्स म्हणाली, "फॉर्म भरूया का गं? भरून ठेवायला काय हरकत आहे? मला तर पाचही दिवस लागतं."

"वेडी आहेस का? नंबर देऊन बसशील. अजिबात भरू नकोस."

"पण काउन्सिलसमोर ठेवणार म्हणाला ना तो."

"तो म्हणाला. तू बघितलंस?"

तिने फोन पर्समध्ये टाकला. त्याच संध्याकाळी मी आमच्या आयांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लांबलचक मेसेज लिहिला: खुर्च्या, खुंट्या, मास्क, लायसन्स, सगळं. शनिवारी फॉस्टर स्ट्रीटच्या भारतीय दुकानांत किराणा आणायला गेले तर तिथेही रांगेत दोघींना सांगितलं. जिने फॉर्म भरायला घेतला होता तिनेही अर्धवट सोडला. मतपत्रिका मुलीच्या दप्तरातून घरी आली, दोन पाकिटांसकट. मी घरं विकणाऱ्या बाईसमोर खूण केली आणि पाकीट असं चिकटवलं, की फाडल्याशिवाय उघडणार नाही.

ती निवडून आली. भरघोस मतांनी.

पुढच्या टर्मच्या दुसऱ्याच आठवड्यात ईमेल आला. फार जड मनाने कळवत आहोत, पुरेशी मागणी नसल्यामुळे आफ्टर केअर महिनाअखेरीस बंद. मी अर्धी सुट्टी टाकून शाळेत गेले. ऑफिसातली बाई काचेमागून माझ्यावर दया आल्यासारखी बघत होती. मी म्हटलं, मागणी नाही कसं म्हणता? मी आहे ना! आम्ही कितीतरी जण आहोत!

"काउन्सिलसमोर फॉर्म आले होते," ती म्हणाली. "एका पालकाने गोळा करून आणून दिले. ते स्वतः आले होते मीटिंगला, बराच वेळ बोललेही. पण फॉर्मच मोजून चार होते. तुमचा नव्हता त्यात. कंपनी म्हणाली, चार मुलांसाठी आम्ही माणसं ठेवू शकत नाही."

"आणि ती नवीन निवडून आलेली बाई? ती काय म्हणाली?"

"मला मीटिंगमधलं सांगता येत नाही," ती म्हणाली. मग आवाज खाली आणून, "निर्णय एकमताने झाला."

मी गाडीत जाऊन बसले. रडू येत होतं, त्याहून जास्त राग, आणि राग काढायला समोर कुणी नव्हतं. त्याने शब्द पाळला होता. हरलेला माणूस कागद घेऊन गेला होता, आणि कागदावर माणसं नव्हती, कारण मी ती जाऊ दिली नव्हती. तरी मनातून एक आवाज म्हणत होता, चार तरी कशाला नेले, स्वतःचंच दुकान चालावं म्हणून ना? मला माझीच लाज वाटली. पण तो आवाज काही गेला नाही.

दोन आठवडे मी हातपाय मारले. मॅनेजरला वेळ बदलून मागितली. तो "नो वरीज, बघतो" म्हणाला आणि काही बघितलं नाही. सांभाळणाऱ्या बायांना फोन केले. कुणी लांब राहायची, कुणी लस होईपर्यंत मूल घेणार नाही म्हणाली. महिना संपायला चार दिवस राहिले तेव्हा मी त्या ड्राइव्हवेवर जाऊन उभी राहिले. खडूचे गोल धुऊन गेले होते. शटर वर होतं, बुटक्या टेबलाभोवती तीन मुलं चिकणमातीचे गोळे करत होती. भिंतीवर लायसन्स लावलेलं.

ती बाहेर आली. मास्क वर, त्यावरून नुसते डोळे. मी सुरुवात केली, "अगं, त्या दिवशी मी जे विचारलं—"

"प्रश्न चुकीचा नव्हता तुझा," तिने मला मधेच तोडलं. "आधीच सांगून टाका, असं मी यांना म्हटलं होतं. यांना वाटलं, शाळेतलं वाचलं तर बरंच, मग सांगायचं कशाला; मी काय, तान्ही मुलं घेतली असती. पण एक सांग. त्या बाईलाही एक प्रश्न विचारायचास की. बंद होणार नाही म्हणाली, कसं होणार नाही ते का नाही विचारलंस?"

उत्तर होतं, पण ते तोंडातून काढण्यासारखं नव्हतं. परक्या माणसाचं गोड बोलणं मी गोड मानून घेतलं होतं, आणि संशय सगळा आपल्या माणसासाठी राखून ठेवला होता.

"शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी माझ्याकडे एकच जागा उरलीय," ती म्हणाली. "लायसन्समध्ये बसणारी शेवटची. तुझ्या त्या नर्स मैत्रिणीने सकाळी फोन केला होता. रडत होती बिचारी. संध्याकाळपर्यंत कळवते म्हटलं मी. तिचा नवरा सतत ट्रकवर, तुझा तिकडे अडकलेला. मला ठरवता येत नाहीये. तू तिला माझ्यापेक्षा जास्त ओळखतेस. तूच सांग, कुणाला देऊ?"

एक मुलगी टेबलावरून उठून तिच्या कुर्त्याला मातीचा हात पुसत उभी राहिली. तिने तो हात बाजूला केला नाही, माझ्याकडेच बघत होती. मी फार विचार केला, असं आता लिहायला बरं वाटलं असतं.

"मला दे," मी म्हटलं.

तिने मान डोलावली आणि फॉर्म आणायला आत गेली. पालकाचं नाव, मुलाचं नाव, वय, दिवस, वेळ, फोन नंबर. तिथेच उभ्या उभ्या भरला. नर्सने पुढच्या महिन्यात हॉस्पिटलमधली कायमची नोकरी सोडली, कमी तासांचं तात्पुरतं काम घेतलं, आणि त्यांचं घर घ्यायचं जे चाललं होतं ते राहून गेलं. आम्ही अजून मैत्रिणी आहोत. तिने एकदा विचारलं होतं, तुला बरी मिळाली गं जागा? मी म्हटलं, मी नाव आधीच देऊन ठेवलं होतं. तिने लगेच विश्वास ठेवला.