काचेला टेकवलेली लेन्स

लबीबच्या स्टुडिओत फोटो काढून घेतला नाही असं घर अंफूशी मोहल्ल्यात शोधून सापडायचं नाही. चाळीस वर्षं त्यानं पासपोर्टांपासून लग्नांपर्यंत सगळ्यांचे चेहरे टिपले. थोरला भाऊ वगीह मात्र त्याच्याकडे एकच मागायचा, माझ्या टाकीतल्या माशांचा एक चांगला फोटो काढ. लबीब आज-उद्या करत राहिला.

एकदाचा त्याच्या घरी गेला, तोही घाईत. खाली लग्नाची गाडी खोळंबली होती. त्यानं फ्लॅश लावला आणि बटण दाबलं. टाकीतला ऑस्कर जातीचा सगळ्यात मोठा मासा दचकला, काचेवर आदळला आणि दिवस मावळायच्या आत मेला. वगीहनं आवाज चढवला नाही. मासा ओल्या फडक्यात गुंडाळत तो एवढंच म्हणाला, "तुला घाई होती ना, जा."

पुढची सहा वर्षं भाऊ भावाशी बोलला नाही. ईदला लबीब यायचा, वहिनीनं पुढे केलेली बिस्किटं खायचा, आणि वगीह टाकीकडे तोंड करून बसून राहायचा. मग एका हिवाळ्यात छातीत कळ येऊन तो गेला. बोलायचं राहूनच गेलं.

मयताचा चाळिसावा दिवस झाला तसं अफाफ वहिनीनं दिराला बोलावून घेतलं. मासे कुणाला तरी देऊन टाकायचं तिनं ठरवलं होतं. चार वाजले की ते सगळे ह्यांच्या खुर्चीसमोरच्या कोपऱ्यात गोळा होतात, दाणे दुसऱ्या टोकाला टाकले तरी ढिम्म हलत नाहीत, असं तिचं म्हणणं.

"मला ते बघवत नाही, भावजी. पण जायच्या आधी त्यांचा फोटो काढा. ह्यांचं तेवढंच मागणं होतं."

दुसऱ्या दिवशी लबीब तीन वाजताच आला. खिडक्यांच्या झडपा लावल्या, खोलीतला दिवा मालवला, फक्त टाकीवरचा ठेवला. कॅमेऱ्याच्या मर्जीवर सोडलं तर तो माशाऐवजी काचेवरचे ओरखडे स्पष्ट करतो, नाहीतर शटर इतकं रेंगाळतं की माशाचा नुसता फराटा उमटतो. म्हणून त्यानं सगळं हातानं लावलं. लेन्सचं छिद्र पुरतं उघडलं, शटर सेकंदाच्या दोनशेव्या भागावर आणलं, कमी उजेडातही टिपता यावं म्हणून आयएसओ सोळाशेवर नेला. लेन्सच्या तोंडाचं रबर काचेला घट्ट टेकवलं. असं केलं की बाहेरचं काहीही काचेत उमटत नाही.

मग कॅमेरा तसाच टेकवून तो टाकीला लागून असलेल्या वगीहच्या खुर्चीत बसला. मासे पांगले. तो हलला नाही. चारच्या सुमारास ते एकेक करून परतले आणि त्याच्या खांद्यावरून मागे कुठेतरी बघत थांबले. लबीबनं वळून पाहिलं नाही. दोन्ही हात कॅमेऱ्यावर ठेवून तो टिपत राहिला.

स्टुडिओत येऊन त्यानं फोटो छापले. एकात उरलेल्यांतल्या एका ऑस्करचा खवला न् खवला स्वच्छ आला होता, आणि त्याच्या तोंडाशी एक हात होता. फिकट, पण हातच. दाणे चिमटीत धरल्यासारखी बोटं.

तो फोटो त्यानं वहिनीपुढे ठेवला. तिनं चष्मा लावून बराच वेळ पाहिलं.

"नखं वाढलीत ह्यांची," ती म्हणाली. "कापून घ्या म्हणून शेवटपर्यंत मागे लागले होते मी."

मासे कुणाला दिले नाहीत. लबीब अजूनही रोज चारला तिथे जातो. पहिल्या दिवशी त्या अंधारात पाण्याकडे बघत तो म्हणाला, "दादा, चुकलो मी. त्या लग्नाला उशीर झाला असता तरी चाललं असतं."

मासे तसेच, त्याच्या मागे बघत होते. स्वयंपाकघरात वहिनीनं चहाचे तीन पेले मांडल्याचा आवाज त्यानं ऐकला.