हात दाखवलेली मालगाडी

आमच्या शेताजवळच्या फाटकावरून मी कोळशाची मालगाडी घेऊन जायचो, तेव्हा बाबा फाटकाशी उभे राहून हात दाखवायचे. निरोपाचा हात नव्हे; एसटीला दाखवतात तो. मलकापूरची एसटी त्यांनी आयुष्यभर अशीच थांबवली होती. स्वतःच्या पोराच्या हातातली गाडी तेवढी थांबत नाही, हे त्यांना काही केल्या पटत नव्हतं. मी समजावून थकलो. लोखंडी चाक लोखंडी रुळावर घसरत राहतं, इंजिनात लावलेला ब्रेक शेवटच्या डब्यापर्यंत पोचायला वेळ लागतो, आणि तोवर मागून सगळा कोळसा ढकलत असतो. बाबांचं म्हणणं एवढंच, की असली गाडी सरकारने चालवायला द्यायलाच नको.

एका दुपारी फाटक बंद होतं. बंद फाटक म्हणजे दुचाकी कलती करून दांड्याखालून काढायची, अशी आमच्याकडची रीत. चुकून कोणी थांबलाच, तर मागचे हॉर्न वाजवतात. बाबांनीही मोपेड काढली. मागे म्हशींसाठी ढेपीचं पोतं होतं. ते रुळावर घसरलं आणि मोपेड आडवी झाली.

मला लांबूनच त्यांचा पिवळा दुपट्टा दिसला. इमर्जन्सी ब्रेक लावला, हॉर्न दाबून धरला. बाबांनी मोपेड ओढणं सोडून इंजिनाकडे पाहिलं आणि हात वर केला. मग गाडी थांबायची वाट पाहत निवांत उभे राहिले. मला त्यांचा इतका राग कधी आला नव्हता, आणि इतकी भीतीही कधी वाटली नव्हती. ते इंजिनाच्या नाकाखाली दिसेनासे झाले. धाडकन आवाज आला. गाडी पुढे जातच राहिली. ब्रेक लावल्यावर ड्रायव्हरला करण्यासारखं काही उरत नाही. मी बसून होतो.

अखेर थांबलो. सगळ्यात शेवटचा गार्डचा डबासुद्धा फाटक ओलांडून पुढे आला होता. त्याने मागे जाऊन पाहिलं आणि वॉकीटॉकीवर सांगितलं, की फाटकवाल्याने म्हाताऱ्याला ऐन वेळी ओढलं, मोपेड गेली. म्हातारा खुशीत आहे, पोराने गाडी थांबवली म्हणतोय. मी म्हणालो, त्यांना इंजिनापर्यंत पायी पाठवा.

गाडीची तपासणी चालू असताना बाबा डब्यांच्या कडेने खडी तुडवत आले. बराच वेळ नुसते येतच होते. इंजिनाखाली उभं राहून त्यांनी मागे वळून पाहिलं. फाटक दिसत नव्हतं.

"इथलोक आली?"

"हाव."

"म्हंजे तुह्यानं थांबतच नोती."

मी मान हलवली. ते खडीवर बसले. आता मोपेडचं काढतील, असं मला वाटलं.

"अन् मी तुले सारा वेळ दिसून राह्यलो होतो?"

बाबांनी दुपट्टा तोंडाला लावला आणि तिथेच रडायला लागले.