चार आणे फरक

“मॅडम, पी व्हॅल्यू तेवढी काढून द्या. बाकीचं मी बघतो,” सर म्हणाले. सर म्हणजे डॉ. शबाना या पीजी विद्यार्थिनीचे गाइड. तिचा थिसिस दुसऱ्या दिवशी अपलोड झाला नसता तर तिला परीक्षेला बसता आलं नसतं. बिचारीचा चेहरा पार उतरला होता.

मी सोलापुरात मेडिकल कॉलेजात स्टॅटिस्टिशियन आहे. पी व्हॅल्यूवरून दोन गटांतला फरक निव्वळ योगायोगाचा आहे का, याचा अंदाज येतो. इथले गट गुडघेदुखीचे होते. एकाला व्यायाम, दुसऱ्याला नवं इंजेक्शन. इंजेक्शन सरस ठरलं की सर ते ओपीडीत सरसकट सुरू करणार होते.

डेटा उघडला आणि माझं डोकंच फिरलं. ‘दहापैकी किती आराम’ या रकान्यात अडीच, पाच, साडेसात, नाहीतर शून्य. दुसरा आकडाच नाही! व्यायामाच्या गटात शून्यं बरीच होती, इंजेक्शनच्या गटात एकही नव्हतं.

शबानाला विचारलं. ती म्हणाली, मंगळवेढा, मैंदर्गीकडच्या बायका दहापैकी सांगतच नाहीत, रुपयात किती आणे फरक पडला ते सांगतात. सोळा आण्यांचा रुपया, म्हणून चार आण्यांचे तिने अडीच केले. गणित चोख होतं. पण चार आणे म्हणजे खरंच पाव आराम का, हे कुणी विचारलं होतं?

सर वैतागले, “आता कुठे चाललात?” मी शबानाला घेऊन सरळ ओपीडीत गेले. इंजेक्शन घेतलेल्या मैंदर्गीच्या एक मावशी बसल्या होत्या. किती फरक, विचारलं. चार आणे. मग जिना चढता येतो का?

“न्हाय की. हाय तसंच हाय,” मावशी म्हणाल्या. “पर या बाईंनी एवढी सुई दिली, कायच फरक न्हाय म्हनलं तर त्यांना वाईट वाटंल की.”

आणि सोळा आणे? “पुरतं बरं वाटलं तरी कोन म्हनतंय तसं? दिष्ट लागती. बाराच म्हनायचं.”

रांगेतल्या आणखी बायकांना विचारलं. त्यांचंही तेच. शबाना रडायच्या बेतात होती.

म्हणजे आणे या आरामाच्या पायऱ्या होत्या, पण समान उंचीच्या नव्हत्या. अशा मापाची सरासरी काढायची नसते, फक्त खालीवर क्रम लावायचा. चार आणेवाल्यांना शून्याच्या पंक्तीला बसवलं आणि क्रमाची टेस्ट लावली. इंजेक्शनचा वरचढपणा गेला.

सर भडकले. “वर्षभराची मेहनत पाण्यात घालताय तुम्ही.”

“सर, सही तुमची असणार आहे. उद्या ही सुई प्रत्येक मावशीला टोचली जाईल.”

त्यांनी स्क्रीन आपल्याकडे वळवून आकडे एकेक करून तपासले. मग शबानाला म्हणाले, “निष्कर्ष बदल. फरक आढळला नाही, असं लिही. आणे का बदलले तेही लिही.” संध्याकाळी सही झाली. शबाना पास झाली आणि ओपीडीत आजही आधी व्यायामच सांगतात.

आता कुणीही डेटा आणला की मी आधी विचारते, हा आकडा पेशंट बोलला की तुम्ही बसवला? बरेच जण ‘उद्या येतो’ म्हणून जातात.