केवळाबाई आणि डुलणारा तारा

केवळाबाईला सिमेंटच्या छताखाली झोप लागत नाही म्हणजे नाही. औसा तालुक्यातल्या तिच्या गावात किल्लारीच्या भूकंपानंतर नवं घर मिळालं, तरी ही बाई इतकी वर्षं अंगणातल्या पत्र्याच्या शेडातच निजते. नांदेडला लेकीकडे, सुकन्याच्या तिसऱ्या मजल्यावर आली तीही कुरकुरतच. आल्या आल्या फळीवर तांब्यावर तांब्या, त्यावर फुलपात्रं अशी उतरंड रचली. जमीन हलली की आधी भांडी बोलतात, हे तिचं शास्त्र. दुधानं तोंड पोळलेली बाई ताकही फुंकूनच पिणार.

आता शहर म्हटल्यावर हलणारच की. खालून ट्रक गेला, वॉशिंग मशीन फिरलं, की उतरंड किणकिणायची आणि केवळाबाई पदर खोचून जिन्यानं खाली. शेजारणी हसायच्या. सुकन्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

"कायबी हललं न्हाई, आई. तूच हलून राहिलीस," एकदा ती तोडून बोलली. केवळाबाईनं पिशवी भरली. उद्याच्या गाडीनं गाव गाठायचं.

पण लेकीचं तरी चित्त कुठं थाऱ्यावर होतं? ती विद्यापीठात ताऱ्यांचा अभ्यास करायची. जेवायला बसली की घास हातातच राहायचा. त्या रात्री, कशापायी जीव जाळतेस, असं आईनं विचारलं तेव्हा तिनं सगळं सांगितलं. एक बारका, थंड, तांबडा तारा आहे. त्याच्याभोवती ग्रह फिरतोय असं तिला वाटतं. ग्रह दिसत नाही, पण त्याच्या ओढीनं तारा किंचित डुलतो. त्यावरूनच त्याला ओळखायचं. तिचे सर मात्र मानायला तयार नाहीत. असले तारे मुळातच चंचल, अंगावर डाग येतात, उकळ्या फुटतात. ग्रहबिग्रह काही नाही, ताराच अस्वस्थ आहे, असं त्यांचं म्हणणं.

केवळाबाई म्हणाली, "दिसत न्हाई म्हनून नसतंच व्हय? मलाबी लोक हेच म्हनले. डोक्यावर परिनाम झाला म्हनले. वर्षाराणीचं नाव कुनी काढलं न्हाई."

वर्षाराणी सुकन्याची थोरली बहीण. सुकन्या जन्मायच्या आधी, भूकंपात दगडमातीच्या भिंतीखाली गेली. भिंतीच्या कडेला तिला आईनंच निजवलं होतं. घरात तिचा फोटोसुद्धा नव्हता.

सुकन्यानं लॅपटॉपवरून मान वर केली. "मी अक्काला कधी बघितलं न्हाई, आई. पर ती हाय, हे मला ल्हानपनापासून कळायचं. तुझ्याकडं बघून."

तेवढ्यात खालून ट्रक गेला. फुलपात्रं किणकिणली. केवळाबाई धडपडत उठली आणि दारापाशी ओशाळून थबकली. सुकन्यानं लॅपटॉप तसाच सोडला, आईचा हात धरला आणि तिच्यासोबत जिना उतरायला लागली. शेजारणीनं दार उघडून हसत विचारलं, आज काय हललं?

"हललंय," सुकन्या म्हणाली, आणि आईला सांभाळत खाली घेऊन गेली.