एक तास पन्नास मिनिटं

आमच्याकडं दुष्काळ पडला त्या वर्षी माझी पोस्टिंग काश्मीर खोऱ्यात होती. मी फौजेत हवालदार, आष्टी तालुक्यातल्या कड्याचा. माझ्या सेक्शनमधला नाईक गौतम गेवराईकडच्या तलवाड्याचा. जिल्हा एक, म्हणून मेसमध्ये ताटं शेजारी. सुट्टीवर यायचो ते रेल्वेनं, दोन रात्री धक्के खात. विमानात दोघंही कधी बसलो नव्हतो.

मे महिन्यात अतिरेक्यांच्या शोधमोहिमेत गौतमला गोळी लागली. मी वायरलेस सेटवर बोललो, "वन कॅज्युअल्टी, सीरियस." हेलिकॉप्टर येईपर्यंत तो गेला. शवपेटीबरोबर एस्कॉर्ट म्हणून साहेबांनी मलाच पाठवलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी नऊला मी दिल्ली विमानतळावर होतो. काउंटरवर विचारलं, औरंगाबाद किती लांब? हवाई अंतर हजार किलोमीटरला जरा कमी, वेळ एक तास पन्नास मिनिटं. इतकं जवळ? मला खरंच वाटेना. निघायच्या आधी ईटीए, म्हणजे पोचायची वेळ, कळवायचा, ही फौजी सवय. तलवाड्याच्या दूध सोसायटीत फोन लावला आणि सेक्रेटरीला सांगून टाकलं : दहाला उडतो, बाराला उतरतो, तीनला गावात.

कुणी विचारलं होतं मला?

पावणेदहाला धुळीचं वादळ आलं. विमान उडालं एक वीसला. मधल्या वेळात सोसायटीत सहा वेळा फोन केला. रिंग जायची, कुणी उचलेना. फौजी गाड्यांच्या कॉन्व्हॉयमध्ये उशीर झाला तर सेटवर नवा ईटीए देतात. इथं सेट कुठला?

तीन दहाला उतरलो. लष्करी छावणीचा ट्रक तयार होता. पाच चाळीसला गेवराईतून, सरकारी दवाखान्याच्या फाटकासमोरून गेलो. सहा दहाला तलवाडा. अख्खं गाव सकाळपासून रस्त्यावर उभं. फोन उचलणारं सोसायटीत कुणी उरलंच नव्हतं.

गौतमची आई, कौसाबाई, कुठं दिसेना. बाया रडत सांगू लागल्या. बातमी आली तशी घरातली चूल बंद होती, पण म्हातारी घोट घोट पाणी घेत होती. माझा निरोप आला आणि म्हणाली, तीनपर्यंतच तर कळ काढायची, आता लेकाचं तोंड बघूनच पाणी पिते. टँकरचं पाणी शेजारणींनी स्वतःच्या हंड्यातून आणून पुढं केलं, तिनं हात लावला न्हाई. चारला उन्हात कोसळली. तिला गेवराईला नेलं होतं. म्हणजे आम्ही ज्या फाटकासमोरून आलो, त्याच्या आत ती होती.

तहसीलदार म्हणाले, मानवंदना सूर्यास्ताच्या आत हवी. मी ड्रायव्हरला सांगितलं, "गाडी वळव."

दवाखान्याच्या आवारात पेटी उतरवली. गौतमचा थोरला भाऊ पायरीवर बसलेला. उठला न्हाई.

"आई गेली, साहेब. मगाशी रस्त्यानं ट्रक वाजला, तशी म्हणली, माझा गौतम आलाय, मला बसवा. आमी बसवली. तवर मान टाकली."

"कधी?"

"पावणेसहा झाले असतील."

मी तिथंच खाली बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. वर्दीत होतो, तरी रडलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बौद्धाचार्यांनी त्रिशरण, पंचशील म्हटलं. माय-लेकाला शेजारी शेजारी अग्नी दिला. मानवंदना एकट्या गौतमला होती. मी सॅल्यूट दोन केले.

युनिटच्या स्मारकावर गौतमचं नाव कोरलंय. कौसाबाईचं नाव कुठंच न्हाई. लोक समजूत घालतात, वादळ काय तुझ्या हातात होतं? वादळ नव्हतं. फोन माझ्या हातात होता.