मास्तरांची खरेदी

मास्तरांनी शाळेत कधीच शिकवलं नव्हतं. ते गाडी शिकवायचे. उभा जन्म त्यांनी शिकाऊ माणसाच्या शेजारी, दुसऱ्या ब्रेकवर पाय ठेवून काढला, आणि घरी आल्यावरही तो पाय काही उचलला नाही. मुलांनी मागायला तोंड उघडलं की ब्रेक लागलाच. बूट घ्यायचे ते एक नंबर मोठे आणि पुढे कापूस कोंबायचा. थोरलीचं दप्तर धाकट्याला, आणि धाकट्याने त्याची चाळण केली की त्यात बाजाराचे कांदेबटाटे. यात दुष्टावा नव्हता. पगार एकट्याचा, गाडी मालकाची. हे थोरलीला मोठेपणी कळलं, पण कळलं म्हणून ती विसरली होती असं नाही.

मास्तर निवृत्त झाले आणि त्याच सुमाराला त्यांची एक जुनी विद्यार्थिनी परदेशी निघाली. तिच्या कुत्र्याला कुणी घेईना. मास्तर त्याला घेऊन घरी आले. पाय आखूड, पाठ लांबच लांब, रंग तपकिरी.

"हा कुत्रा आहे की दिवाणावरचा लोड?" आईने विचारलं. त्यावरून त्याचं नाव लोड्या पडलं. आधी त्याचं नाव काहीतरी भारदस्त होतं, पण त्या नावाला तो वळून बघायचा नाही.

"महिनाभर ठेवू," मास्तर म्हणाले, "नाही जमलं तर दुसरं घर बघू."

महिना सरला, पण तो विषय दोघांपैकी कुणीही काढला नाही. मास्तरांचा हात मात्र सैल सुटला. कोपऱ्यावरच्या प्राण्यांच्या दुकानात ते रोज जायला लागले. गादी आणली, मग तिच्यापेक्षा मऊ गादी आणली. पावसाळी कोट आला, पिळलं की ओरडणारी रबरी कोंबडी आली, दातांसाठी एक, केसांसाठी एक, आणि नुसती लाडाची म्हणून एक, अशा बिस्किटांच्या बरण्या आल्या. दुकानातली मुलगी एखादं पाकीट पुढे करून "काका, हे नवीन आलंय" म्हणाली की काका ते घेऊनच बाहेर पडत.

थोरली रुग्णालयात रक्त तपासायचं काम करायची आणि सुटीच्या दिवशी आईबाबांकडे यायची. एकदा ती आली तर मास्तर जमिनीवर मांडी घालून लोड्याला बूट चढवत होते. चार पायांत चार लाल बूट. लोड्या उठला आणि तापल्या तव्यावर ठेवल्यासारखा एकेक पाय वर उचलत खोलीभर फिरला. आईला हसू आवरेना. थोरलीही हसली, आणि हसता हसताच तिच्या तोंडून निघून गेलं, "याचे अगदी मापात आणलेत हो बाबा. कापूस नाही लागला."

लोड्याचे बूट मास्तरांनी एकेक करून काढले आणि डब्यात ठेवले. पुढच्या सुटीला थोरली आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. मग आईचा फोन आला. "तुझे बाबा धड बोलत नाहीत आणि कुत्रा धड उठत नाही. कुणाकडे बघू ते सांग."

लोड्या सोफ्यावरून उडी मारून उतरला होता आणि तेव्हापासून त्याचे मागचे पाय लटपटत होते. उचललं की कळवळायचा. थोरली काम टाकून आली. मास्तरांनी त्याला एका हाताने छातीखाली, दुसऱ्याने पोटाखाली धरून गाडीत ठेवलं आणि तिघं दवाखान्यात गेली.

डॉक्टरीणबाईंनी त्याची पाठ चाचपली, वजन केलं आणि पुन्हा केलं.

"काका, खायला काय देता?"

"सकाळी एक वाटी मी घालते," आई म्हणाली.

"तू घालतेस?" मास्तर तिच्याकडे बघत राहिले. "सकाळी मी घालतो."

"आणि मधे?" बाईंनी विचारलं.

मास्तरांनी खिसा टेबलावर रिकामा केला. बिस्किटांचे तुकडे घरंगळत लोड्याच्या नाकापर्यंत गेले. त्याही अवस्थेत त्याने एक उचललाच.

"एवढ्या लांब पाठीला एवढं वजन झेपत नाही," बाई म्हणाल्या. त्या रागावल्या नाहीत, त्यामुळे मास्तरांना जास्तच लागलं. "औषध देते. पण काही आठवडे याला लहानशा जागेत बांधून ठेवायचं, उड्या बंद, खाणं मोजून आणि एकाच माणसाच्या हातून. बरा झाला की सावकाश चालवा. गळ्यातला पट्टा नको, छातीचा घ्या."

"सगळ्यात चांगला कोणता?" मास्तरांनी लगेच विचारलं.

"याला बसेल तो. याला घेऊन जा आणि घालून बघा."

लोड्याला चालायची परवानगी मिळाली त्या दिवशी थोरली मापाची टेप घेऊन आली आणि तिने व मास्तरांनी त्याला दुकानात नेलं. दुकानातल्या मुलीने पहिला काढला तो मखमली, वर फुलपाखरू. तो काखेत रुतत होता. दुसरा लोड्याने मागे सरकून सहज सोडवला. शेवटी खालच्या कप्प्यातला एक साधा, काळा पट्टा नीट बसला. थोरलीने पट्ट्याखाली दोन बोटं घालून बघितली आणि मान डोलवली. तेवढ्यात मास्तरांचा हात सवयीने बिस्किटांच्या बरणीकडे गेला.

"बाबा, हे कुणाला हवंय? त्याला की तुम्हाला?"

"मलाच," ते म्हणाले. मग खालच्या आवाजात, "मी काही आणलं की हा दारात येतो. पिशवीत तोंड घालतो. लहानपणी तुम्ही दोघं भावंडं पिशवीकडे बघायचादेखील नाहीत. मी तुम्हाला तशी सोयच ठेवली नव्हती."

थोरलीने बरणी त्यांच्या हातून घेऊन फळीवर ठेवली आणि लोड्याची दोरी त्यांच्या हातात दिली.

न उघडलेली पाकिटं दुकानाने परत घेतली नाहीत, तेव्हा ती बेवारस कुत्र्यांच्या आसऱ्याला गेली. सोफ्यासमोर मास्तरांनी फळीचा उतार ठोकला. जेवण घालायचं काम आईने घेतलं, फिरवायचं मास्तरांनी. लोड्या बारीक झाला, पण मागचा एक पाय जरा ओढतच राहिला, आणि तो तसाच राहणार असं बाईंनी सांगितलं.

थोरली आता कामावरून सुटली की मधल्या दिवसांतही यायला लागली. ती, मास्तर आणि लोड्या सावकाश कोपऱ्यापर्यंत जात, फारसं न बोलता. एका संध्याकाळी मास्तर म्हणाले, "तू दिवसभर त्या रक्ताचं नेमकं करतेस काय? कधी विचारलंच नाही."

ती सांगायला लागली. मधेच लोड्या दमून पदपथावर बसला, तसे दोघंही थांबले, आणि रक्तगट कसा ओळखतात ते ती हातवारे करून सांगत राहिली.